ध्रुववलयी दीर्घिका : छायाचित्रातला काटकोन आणि अवकाशातला काटकोन

प्रश्नकर्त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. बोरिवलीत राहून आणि हाती आठ इंची दुर्बीण असताना ध्रुववलयी दीर्घिका पाहता येईल का. छायाचित्रात काहीच हलत नसताना वलय मूळ दीर्घिकेला काटकोनात फिरते हे शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसे सांगतात. आणि घरी संगणकावर बसून या विषयात काही काम करता येईल का. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे तसे नाही, आणि या विषयाचा गाभा तिथेच असल्यामुळे बहुतेक जागा मी त्यालाच देणार आहे.

ध्रुववलयी दीर्घिकेत दोन घटक असतात. मध्यभागी एक जुनी, बहुधा भिंगाकार दीर्घिका असते, जिच्यात वायू जवळजवळ संपलेला असतो आणि तारे पिवळसर, वयस्क असतात. तिच्या ध्रुवांवरून जाणारे दुसरे वलय वायू, धूळ आणि तरुण निळ्या ताऱ्यांचे असते. दोन्हींचे केंद्र एकच, पण फिरण्याची प्रतले एकमेकांना जवळजवळ लंब असतात. सप्तर्षी तारकासमूहातील एनजीसी २६८५ ही यातली जुनी ओळखीची दीर्घिका (एनजीसी हे दीर्घिका आणि तारकागुच्छांच्या एका जुन्या सूचीचे नाव). ॲलन सँडेज यांनी १९६१ च्या आपल्या दीर्घिका-संग्रहात तिच्या विचित्रपणाची खास नोंद केली होती. मात्र या दीर्घिकांचा एक वर्ग म्हणून पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९८३ च्या सुमारास, जेव्हा श्वाइत्सर, व्हिटमोर आणि व्हेरा रुबिन यांनी तिमिंगल तारकासमूहातील ए०१३६-०८०१ या दीर्घिकेचे आणि तिच्या वलयाचे वेग वेगवेगळे मोजून दाखवले.

प्रश्नातील ‘इतक्या खात्रीने’ हे शब्द मात्र जरा सैल करायला हवेत. व्हिटमोर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात १५७ नावे आहेत. पण त्यांपैकी दोन्ही घटकांची गती मोजून सिद्ध झालेल्या म्हणून पहिल्या वर्गात बसवलेल्या दीर्घिका फक्त ६ आहेत. २७ चांगल्या उमेदवार, ७३ संभाव्य आणि उरलेल्या ५१ केवळ संबंधित म्हणून नोंदलेल्या. म्हणजे जाणकारांनी छायाचित्रे बारकाईने पाहून निवड केल्यानंतरही शंभरातल्या चारांवरच शिक्का मारण्याची त्यांची तयारी होती. माझ्या मते ही यादी वाचताना नावांपेक्षा तिची ही वर्गवारीच आधी पाहावी. दूरची एखादी कडेवरून दिसणारी दीर्घिका योगायोगाने जवळच्या दीर्घिकेमागे आडवी आली, किंवा दोन दीर्घिकांच्या ओढाताणीत निघालेली वायूची शेपटी वळून मागे आली, तर छायाचित्रात नेमके असेच चित्र उमटते. पहिली शक्यता दोन्हींची ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाचे तांबड्या बाजूला सरकणे, ज्यावरून अंतराचा अंदाज येतो, मोजली की लगेच निकालात निघते. दुसरीसाठी वेगाचा नकाशाच लागतो.

हा वेग कसा मोजतात ते एका साध्या निरीक्षणातून पाहू. दुर्बिणीच्या नाभीवर वर्णपटमापकाची अरुंद, लांब खाच असते. आधी ती खाच मूळ दीर्घिकेच्या लांब अक्षावर ठेवायची आणि नंतर नव्वद अंश फिरवून वलयाच्या लांबीवर. मिळालेल्या प्रतिमेत आडव्या दिशेने तरंगलांबी असते आणि उभ्या दिशेने खाचेवरची जागा. रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ उभ्या दिसतात, दीर्घिकेचा ताऱ्यांचा प्रकाश मधोमध आडव्या उजळ पट्ट्यासारखा दिसतो, आणि त्या पट्ट्याच्या वर व खाली, जिथे ताऱ्यांचा प्रकाश जवळजवळ संपलेला आहे तिथेही, तप्त हायड्रोजन वायूची हायड्रोजन-अल्फा ही तेजस्वी रेषा चालू राहते, मात्र ती तिरकी असते. वलयाचे एक टोक आपल्याकडे येत असते, दुसरे दूर जात असते, म्हणून एका बाजूला रेषा निळीकडे आणि दुसऱ्या बाजूला तांबडीकडे सरकते. ६५६.३ नॅनोमीटरच्या या रेषेसाठी सेकंदाला १०० किलोमीटर वेग म्हणजे सुमारे ०.२२ नॅनोमीटरचे सरकणे. हे सरकणे फार नाही, पण मध्यम क्षमतेच्या वर्णपटमापकाला ते सहज पकडता येते.

मूळ दीर्घिकेच्या ताऱ्यांचे मोजमाप याहून कष्टाचे आहे. तिथे तेजस्वी रेषा नसतात. ५१७ नॅनोमीटरजवळच्या मॅग्नेशियमच्या किंवा ८५० नॅनोमीटरजवळच्या कॅल्शियमच्या शोषणरेषा वापराव्या लागतात, आणि त्या रुंद व उथळ असल्याने बराच वेळ प्रकाश साठवावा लागतो. पण हे मोजमाप टाळता येत नाही. पुरावा पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत: लांब अक्षावर ताऱ्यांचे वेग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत गेले पाहिजेत, आखूड अक्षावर ते बदलता कामा नयेत, आणि त्याच आखूड अक्षावर वायूचे वेग मात्र बदलले पाहिजेत. फक्त वायूचा वेग मोजून ‘ध्रुवीय वलय सापडले’ म्हणणे घाईचे होईल, कारण काही लंबगोल दीर्घिकांत खुद्द तारेच लांब अक्षाभोवती फिरताना आढळतात, आणि मग वायू व तारे यांच्यात काटकोन राहतच नाही.

तिरक्या रेषेचा आकारही काही सांगत असतो. कडेवरून दिसणारे वलय खरोखर अरुंद असेल तर दृष्टिरेषेतला वेग केंद्रापासूनच्या दृश्य अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ तिरकी जाते. वायू आतपर्यंत पसरलेला असेल, म्हणजे ते वलय नसून तबकडी असेल, तर वेग केंद्राजवळ झपाट्याने चढतो, पुढे सपाट होतो आणि रेषेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ४६५०ए ही सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका १९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या सुंदर छायाचित्रामुळे सर्वतोमुखी झाली. तिचे ‘वलय’ हे खरे तर मूळ दीर्घिकेच्या आतपर्यंत जाणारी ध्रुवीय तबकडी आहे, आणि तिच्यात सर्पिल भुजांच्या खुणाही आहेत, हे अशाच बारीक मोजमापांतून पुढे आले. नाव वलयाचे असले तरी अनेक उदाहरणांत वस्तू तबकडीच्या जवळची असते.

आता काटकोनाकडे येऊ. आकाशावर दिसणारा कोन आणि अवकाशातला खरा कोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही तबकड्या आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत असतील तर फरक नगण्य असतो. पण कल्पना करा की दोन्हींचा कल (समोरून पूर्ण उघडी दिसणारी तबकडी शून्य अंश, कडेवरून दिसणारी नव्वद अंश) ६० अंश आहे, म्हणजे दोन्ही बऱ्यापैकी उघड्या दिसत आहेत, आणि त्यांच्या लांब अक्षांमध्ये आकाशावर ६० अंशांचे अंतर मोजले गेले. खऱ्या कोनाचा कोसाइन काढण्यासाठी दोन्ही कलांच्या साइनचा गुणाकार अक्षांमधील कोनाच्या कोसाइनने गुणायचा, म्हणजे ०.३७५, आणि त्यात दोन्ही कलांच्या कोसाइनचा गुणाकार, म्हणजे ०.२५, मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा. मिळवला तर ०.६२५ येतो आणि कोन सुमारे ५१ अंश. वजा केला तर ०.१२५ येतो आणि कोन सुमारे ८३ अंश. छायाचित्र तेच, वेग तेच, आणि उत्तरे दोन. त्यातले एक ध्रुवीय वलयाचे आहे, दुसरे नुसत्या तिरप्या तबकडीचे. बेरीज की वजाबाकी हे प्रत्येक तबकडीची आपल्याकडची बाजू कोणती यावर अवलंबून असते, आणि वेगमापन इथे मदत करत नाही, कारण ते फक्त कोणता भाग येतो आहे आणि कोणता जातो आहे एवढेच सांगते.

हा तिढा सोडवते धूळ. वलयाचा जो अर्धा भाग मूळ दीर्घिकेच्या पुढून जातो त्यातली धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते आणि पिवळट पार्श्वभूमीवर काळसर पट्टे उमटतात. मागून जाणारा भाग असा पट्टा उमटवत नाही. एनजीसी २६८५ च्या छायाचित्रात मूळ दीर्घिकेच्या एका बाजूवर दोरीच्या वेढ्यांसारखे जे काळे पट्टे दिसतात ते याच प्रकारचे. त्यामुळे अशा दीर्घिकेचे चित्र पाहताना निळ्या वलयाच्या देखणेपणापेक्षा आधी ते धुळीचे पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे तुटतात याकडे लक्ष द्यावे, असे मी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

एवढे करूनही निष्कर्ष बदलू शकतो, आणि त्याचे सर्वोत्तम उदाहरण पुन्हा एनजीसी २६८५ हेच आहे. ती १९९० च्या यादीत पहिल्या वर्गात होती. पुढे नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीने तिच्या उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या अणुरूप, हायड्रोजनचा सखोल नकाशा घेतला, आणि २००९ मध्ये योजा व सहकाऱ्यांनी दाखवले की आतला ध्रुवीय भाग आणि बाहेरचे मोठे वलय या दोन स्वतंत्र वस्तू नाहीत. वायूची एकच सलग तबकडी आतून बाहेर जाताना जोरदार पिळली गेली आहे आणि तिच्या वेगवेगळ्या भागांचे प्रक्षेपण आपल्याला वेगवेगळ्या वलयांसारखे दिसते. दृश्य प्रकाशात हे उलगडणे अवघड होते, कारण मधल्या भागात तारे फारच विरळ आहेत.

म्हणूनच या विषयात अणुरूप हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ रेषेला पर्याय नाही. वलयातला बहुतेक वायू अणुरूप हायड्रोजन असतो आणि तो ताऱ्यांच्या पुष्कळ पुढे पसरलेला असतो. या रेषेची मूळ वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ, वेगात सेकंदाला १० किलोमीटरचा फरक पडला की वारंवारता सुमारे ४७ किलोहर्ट्झने बदलते, आणि एवढा भेद आजच्या ग्राहकयंत्रांना अगदी सहज कळतो. निरीक्षणातून दोन दिशा आणि एक वेग असा त्रिमितीय डेटा मिळतो. मग तबकडी अनेक समकेंद्री कड्यांची बनलेली आहे असे मानून प्रत्येक कड्याचा कल, दिशाकोन (लांब अक्ष आकाशावर कोणत्या दिशेला आहे तो कोन) आणि वेग असा जुळवत नेतात की त्या प्रतिकृतीचा नकाशा निरीक्षणाशी मिळावा. कड्यांचा कल आतून बाहेर हळूहळू बदलत गेला तर ती पिळलेली तबकडी, एकदम उडी मारली तर वलय वेगळे. प्रत्यक्षात ही उडी आणि हळूहळू बदल यांतला फरक दुर्बिणीच्या विभेदनक्षमतेइतकाच स्पष्ट असतो.

मुंबईकरांनी यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण, नेमक्या याही वारंवारतेवर काम करते. तिचा कारभार पुण्यातील राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राकडे आहे आणि ते केंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग आहे. ३० पैकी १४ अँटेना मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरल्या आहेत, त्यामुळे एकाच निरीक्षणात विरळ पसरलेला वायूही मिळतो आणि बारीक तपशीलही. दृश्य प्रकाशातील वर्णपटासाठी पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवली येथील २ मीटरची दुर्बीणही त्याच परिसरात, आंबेगाव तालुक्याच्या डोंगरात आहे.

वलय काटकोनातच का टिकते, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. मूळ दीर्घिका चपटी असल्यामुळे तिरप्या प्रतलात फिरणाऱ्या वायूवर तिचे गुरुत्वाकर्षण सगळीकडून सारखे पडत नाही, आणि त्या प्रतलाचा अक्ष, मंदावलेल्या भोवऱ्याचा अक्ष डोलावा तसा, हळूहळू डोलू लागतो. याला परांचन म्हणतात. आतले कडे बाहेरच्यापेक्षा लवकर डोलते, कडी एकमेकांपासून सुटतात, वायूचे ढग एकमेकांवर आपटतात, ऊर्जा गमावतात आणि वलय मोडून वायू मूळ तबकडीच्या प्रतलात स्थिरावतो. पण डोलण्याचा वेग वलय आणि मूळ दीर्घिका यांच्या प्रतलांमधील कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. नव्वद अंशांना तो शून्य होतो, आणि ८५ अंशांना ६० अंशांपेक्षा सुमारे पावणेसहा पट कमी. म्हणजे वायू वाटेल त्या कोनातून आला असला तरी बऱ्याच काळानंतर आपल्याला तेच वलय दिसते जे योगायोगाने काटकोनाच्या जवळ होते. शिवाय वलय भरपूर वस्तुमानाचे असेल तर स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानेही ते स्वतःला बांधून ठेवते. एनजीसी ४६५०ए मध्ये वायूचे वस्तुमान अब्जावधी सूर्यांइतके आहे, तेव्हा तिथे हे कारण क्षुल्लक म्हणता येत नाही.

याच तर्काने मूळ दीर्घिका बहुधा वायुहीन का असते हेही समजते. दोन तारका-तबकड्या एकमेकींतून आरपार जाऊ शकतात, वायूच्या तबकड्या जाऊ शकत नाहीत. म्हणून मीन तारकासमूहातील एनजीसी ६६० ही मोठा अपवाद ठरते: तिची मूळ दीर्घिका वायूने भरलेली सर्पिल आहे, वलयही वायूने भरलेले आहे, आणि दोन्हींतला कोन सरासरी ५५ अंशांच्या आसपास, म्हणजे काटकोनापासून बराच दूर आहे. ही रचना दीर्घकाळ टिकणारी वाटत नाही. आपण तिला बहुधा तिच्या तरुणपणी पाहत आहोत.

वलय कुठून आले याची तीन उत्तरे दिली जातात: दोन दीर्घिकांची टक्कर होऊन विलीनीकरण, शेजारून जाणाऱ्या दीर्घिकेचा वायू ओढून घेणे, किंवा दीर्घिकांबाहेरील तंतूंमधून थंड वायू थेट ओघळत येणे. एनजीसी ४६५०ए च्या वलयात जड मूलद्रव्ये सूर्याच्या मानाने बरीच कमी आढळली, आणि हे तिसऱ्या उत्तराला अनुकूल आहे. सगळ्या दीर्घिकांना एकच उत्तर लागू पडावे असा हट्ट धरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

खगोलशास्त्रज्ञांना या दीर्घिकांचे खरे आकर्षण आहे ते कृष्णद्रव्यामुळे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्यामुळे. साध्या सर्पिल दीर्घिकेत सगळे एकाच प्रतलात फिरते, त्यामुळे त्या प्रतलाच्या वर आणि खाली कृष्णद्रव्य किती पसरले आहे हे कळायला मार्ग नसतो. इथे दोन लंब प्रतलांत फिरणारे दोन घटक आहेत. दोन्हींचे वेग सारखे निघाले तर कृष्णद्रव्याचे प्रभामंडल, म्हणजे दीर्घिकेभोवतीचे त्याचे आवरण, गोल, वेगळे निघाले तर चपटे, आणि कुठल्या दिशेला चपटे हेही कळते. १९८३ च्या मोजमापांत ए०१३६-०८०१ चे प्रभामंडल गोलाकाराजवळचे वाटले. पुढे सॅकेट आणि स्पार्क यांनी एनजीसी ४६५०ए साठी ते मूळ दीर्घिकेच्या प्रतलात चांगलेच चपटे असल्याचे मांडले, तर कॉम्ब आणि आर्नाबोल्दी यांनी १९९६ मध्ये नेमके उलटे, वलयाच्या प्रतलात ते पसरलेले असावे, असा पक्ष घेतला. एकाच दीर्घिकेबद्दल असे परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, कारण वलयाची कक्षा वर्तुळाकार मानायची की किंचित लंबवर्तुळाकार यावर उत्तर बरेच बदलते. चपट्या आकर्षणक्षेत्रात ध्रुवीय कक्षा पूर्ण वर्तुळ असूच शकत नाही, आणि ती कुठे लांबट आहे हे दृष्टिरेषेतल्या वेगावरून थेट मोजता येत नाही. छायाचित्रातल्या कोनासारखीच अडचण इथे वेगाच्या बाबतीत उभी राहते.

अलीकडे उमेदवार शोधण्याची पद्धतच बदलते आहे. मॉइसेव्ह आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातून २७५ उमेदवारांची नवी यादी केली. ऑस्ट्रेलियातील ३६ अँटेनांच्या दुर्बिणीने केलेल्या वॉलाबी सर्वेक्षणाच्या प्राथमिक टप्प्यात सुमारे ६०० दीर्घिकांमधून एनजीसी ४६३२ आणि एनजीसी ६१५६ या दोन संभाव्य ध्रुववलयी निघाल्या, आणि २०२३ मधील त्या निबंधाचा अंदाज असा की वायूयुक्त दीर्घिकांपैकी १ ते ३ टक्क्यांमध्ये असे वलय असू शकेल. एनजीसी ४६३२ चे वलय रेडिओ नकाशात स्पष्ट उठून दिसते. साध्या छायाचित्रात तिथे वलय आहे अशी शंकाही येत नाही. निबंधकर्त्यांनी पिळलेल्या तबकडीची शक्यता मोकळी ठेवली आहे, आणि एनजीसी २६८५ चा इतिहास पाहता ते योग्यच केले.

आता पहिला प्रश्न. बोरिवलीच्या गच्चीवरून यातले काहीही दिसणार नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने तर विषयच नको. वांगणी-नेरळच्या पलीकडे किंवा मुरबाड-माळशेजकडे अमावास्येच्या आसपास गेल्यास आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी ६६० चा पुसट डाग दिसण्याची शक्यता आहे. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी उशिरा मध्यमंडलावर येते आणि मुंबईच्या अक्षांशावरून सुमारे ८५ अंश उंचीवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावरून जाते, हा मोठा फायदा. एनजीसी २६८५ फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेला ५० अंशांपर्यंत चढते. एनजीसी ४६५०ए एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला फार तर ३० अंश उंचीवर असते, आणि त्या महिन्यांतल्या धूसर हवेत तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. कुठल्याही दीर्घिकेचे वलय डोळ्यांनी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. एनजीसी ६६० चे वलय मात्र कॅमेऱ्याने काही तासांचा प्रकाश साठवून हौशी मंडळींनाही मिळवता येते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. २०११ च्या यादीच्या कामात गॅलॅक्सी झू या लोकसहभागाच्या उपक्रमातील स्वयंसेवकांनी टिपलेल्या दीर्घिकांचा मोठा उपयोग झाला होता. आज मॅन्गा या वर्णपट-सर्वेक्षणातील सुमारे १०,००० दीर्घिकांचे ताऱ्यांचे आणि वायूचे वेगनकाशे कोणालाही विनामूल्य मिळतात. आधी लेगसी या आकाश-सर्वेक्षणाच्या खोल छायाचित्रांत भिंगाकार दीर्घिकेवर आडवे आलेले निळसर वलय शोधावे. मग ती दीर्घिका मॅन्गामध्ये असल्यास ताऱ्यांच्या आणि हायड्रोजन-अल्फाच्या वेगनकाशांचे दिशाकोन स्वतंत्रपणे काढावेत. मॅन्गाच्या प्रकाशतंतूंचा जुडगा आकाशावर फार तर ३२ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असल्यामुळे मोठ्या वलयाचा बाहेरचा भाग त्याबाहेर राहतो, हे ध्यानात ठेवावे. दोन दिशाकोनांतला फरक ९० अंशांजवळ आला तर दोन्ही कल मोजून वरचे गणित बेरीज आणि वजाबाकी अशा दोन्ही तऱ्हांनी करावे, आणि धुळीचा पट्टा कोणत्या बाजूला आहे ते छायाचित्रात पाहून त्यातले एक उत्तर खोडावे. उरलेले उत्तर ७० अंशांच्या वर असले तर ती दीर्घिका रेडिओ निरीक्षणासाठी सुचवण्याजोगी आहे. जीएमआरटीचे निरीक्षण-प्रस्ताव वर्षातून दोनदा मागवले जातात, आणि त्याआधी तिच्या संग्रहात त्या दीर्घिकेचे जुने निरीक्षण पडून आहे का ते तपासून घ्यावे.